बदलीचं माणूस

माझ्या आजीनं आयुष्यात सात नोकऱ्या केल्या आणि सातही स्वतःहून सोडल्या. मी एकच केली. एकोणीस वर्षं झाली, विम्याच्या कचेरीत, खिडकीकडे पाठ असलेल्या त्याच खुर्चीवर, आणि ती सोडायची माझी अजून छाती होत नाही. तेव्हा मी हे कौतुकानं सांगते आहे असं कुणी समजू नये. आजीचं कौतुक करणारे ढिगानं आहेत. मी तिच्यावर जळत आले, आणि तिच्याहून जास्त, तिनं जागोजागी जमवलेल्या माणसांवर.

पहिली नोकरी सतराव्या वर्षी, हातमोज्यांच्या कारखान्यात. हातमोजा शिवून येतो तो उलटा असतो. लाकडी काडी घालून त्याचं एकेक बोट सुलटं करायचं, एवढंच काम. करंगळी सगळ्यात चिवट, असं आजी म्हणायची. तिथून ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली आणि अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना एकमेकांशी जोडून देत बसली. त्या अकरा वर्षांत तिचे कान असे तयार झाले की दुकानाच्या रांगेत मागे कुणी बोललं तर मान न वळवता ती म्हणायची, "दोनशे चौदा नंबर. गुडघा कसा आहे आता?" माणूस दचकायचा. नंतर थिएटरात, पडद्यावर सिनेमा दाखवायच्या मशीनवर. मग हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत, रोज हजारभर चादरी. मग शाळेच्या प्रयोगशाळेत, परीक्षानळ्या आणि मुलांची भाजलेली बोटं सांभाळत. पंचावन्नाव्या वर्षी, लोक निवृत्तीच्या गोष्टी करायला लागतात तेव्हा, ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिक्षिका झाली. आणि अडुसष्टाव्या वर्षी वाचनालयात, फाटकी पुस्तकं शिवायला.

मला यातल्या प्रत्येक नोकरीचा हेवा वाटतो. चादरींचासुद्धा.

लोकांना वाटायचं, बाई धरसोडीची आहे. तसं मुळीच नव्हतं. काम पुरतं हातात बसलं की तिला चैन पडेनासं व्हायचं हे खरं, पण ती कुठूनही नुसती उठून आली नाही. आधी बदलीचं माणूस शोधायची. साहेबांनी धाडलेलं नाही, तिनं स्वतः हेरलेलं. कधी शेजारच्या टेबलावरचं, कधी दाराशी उभं राहून आशेनं बघणारं. मग त्याला महिना, दोन महिने, सहा महिने शिकवायची. शिकवताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. हात मोकळे राहिले की मध्ये मध्ये करतात, आणि मग समोरच्याला काही येत नाही, असा तिचा हिशेब. समोरचा चुकतोय, घाम पुसतोय, रीळ उलटं घालतोय, आणि आजी हातांवर बसून शांतपणे बघते आहे, हे चित्र मी, गाडी शिकलेले धरून, किमान पन्नास जणांच्या तोंडून ऐकलं असेल. प्रत्येकाला वाटतं ते फक्त त्याच्याच वाट्याला आलं.

शेवटी परीक्षा. एक दिवस ती कुणाला न सांगता कामाला दांडी मारायची. घरीच बसायची, कपडे करून, चपला पायात घालून. कुणी धावत बोलवायला आलं तर समजायचं, शिकवणं अपुरं राहिलं. संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही की दुसऱ्या दिवशी ही राजीनामा द्यायला हजर. थिएटरच्या वेळी तर तिनं कहर केला. तिकीट काढून चक्क प्रेक्षकांत जाऊन बसली. एक रीळ संपून दुसरं सुरू होतं ती जागा तिला ठाऊक होती. तिथे पडदा क्षणभरही पांढरा झाला नाही, कुणी शिट्टी मारली नाही. आजी म्हणायची, सगळं थिएटर नायिकेसाठी रडत होतं आणि मी मशीनवरच्या त्या पोरीसाठी.

आता माझं ऐका. आईबाबा दूरच्या शहरात नोकरीला, म्हणून मी नऊ वर्षांची असताना शाळेसाठी आजीकडे आले, आणि राहिलेच. आजोबा त्याआधीच गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी, तेहतीस वर्षं. एवढ्या वर्षांत आजीनं मला एकही गोष्ट शिकवली नाही. बटण शिवायला घेतलं, दोरा सुईत जाईना, की "दे इकडे." दिवा बदलायला स्टुलावर चढले, की "उतर, दे इकडे." शाळेचा तक्ता, ट्रंकेचं कुलूप, कणीक, बिघडलेला नळ, सगळ्याला एकच उत्तर. दहा सेकंदांच्या वर तिला धीर नसायचा. जगातल्या सगळ्या अनोळखी माणसांसाठी हातांवर बसणारी बाई, घरात आली की तिचे हात माझ्या हातातली वस्तू ओढायलाच मोकळे.

चोविसाव्या वर्षी मी हट्टानं तिच्याकडे गाडी शिकायला गेले. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तिच्या गाडीतला तो ब्रेक तिचे विद्यार्थी म्हणायचे गंजला असेल, कारण ती कधी वापरतच नाही. माझ्या तीन शिकवण्यांत त्यानं श्वास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भर चौकात तिनं माझ्या हातातलं स्टिअरिंगच धरलं, आणि चौथ्या दिवशी मला दुसऱ्या एका शिक्षकाच्या गाडीत बसवून दिलं. मला गाडी आली. पण तिच्याकडून नाही आली. तुम्हाला वाटेल, यात काय एवढं. माझ्या पोटात ते अजून दुखतं.

त्यानंतर वर्षभरानं हॉर्न आली.

हॉर्न हे नाव आजीनंच ठेवलेलं. बाईचा आवाज असा की ती तळमजल्यावर बोलली तर आमच्या कपाटातल्या बश्या ऐकायच्या. आधी बर्फाच्या कारखान्यात ट्रक भरून घ्यायची. गाडी शिकायला आली आणि दोन महिन्यांत आजीनं ठरवलं की आपल्या जागी हीच. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. सात महिने आजी मागच्या सीटवर हात दाबून बसली आणि ही पुढे बसून दुसऱ्यांना शिकवत होती. आजीला ती "मावशी" म्हणायची आणि वर "अगंतुगं" करायची. मी एकदा हटकलं तर आजीच म्हणाली, "मीच सांगितलंय. गाडीत सगळ्यांनी तू म्हणायचं. 'ब्रेक दाबा' म्हणेपर्यंत गाडी भिंतीत." गाडीतलं ठीक आहे. आमच्या स्वयंपाकघरात कुठली भिंत येत होती?

ड्रायव्हिंग स्कूल बुधवारी बंद असे. सोळा वर्षं दर बुधवारी हॉर्न आमच्याकडे. मी कचेरीतून यायची तर जिन्यातच हसणं ऐकू यायचं. मी आत गेले की दोघी थांबायच्या, आजी म्हणायची, "आलीस? खाऊन घे." बस्स. मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची, कान मात्र तिकडेच. त्या कसल्या तरी क्लचवर, कुणाच्या तरी नवऱ्यावर हसत असायच्या. माझ्याशी आजी अशी कधी हसली नाही. अर्थात मीही तिला हसण्यासारखं काही सांगितलं नव्हतं, विम्याच्या अर्जांत हसण्यासारखं असतं काय? पण मला त्याचा राग यायचा तो यायचाच.

गेल्या वर्षी, चौऱ्याऐंशी पूर्ण होता होता, आजी आजारी पडली. हृदय थकलं होतं. एका मंगळवारी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले आणि मला दाराबाहेर घेऊन म्हणाले, "आठवडा. फार तर दहा दिवस. कुणाला भेटायचं असेल त्यांना बोलवा."

मला बोलवावं लागलंच नाही. कशी कुणास ठाऊक, बातमी सातही ठिकाणी पोचली. त्याच संध्याकाळपासून रीघ लागली, आणि मी दाराशी उभी राहिले. प्रत्येकाला दहा मिनिटं. थिएटरवाली आली, स्वतःच आता आजी झालेली. एक्स्चेंजमधली एक आली, आंधळी झालेली, आजीनं तिला पावलांवरून ओळखलं. हॉस्पिटलचा एक मुकादम आला आणि आजीच्या अंगावरची चादर नीट घडी पाडून घालून गेला. जाताना प्रत्येकजण मला डोळे पुसत तेच सांगायचा, "मला त्यांनी घडवलं हो." मी मान हलवायची. माझ्या मनात यायचं, मला सोडून सगळ्यांना.

आजीला भेटायचं होतं ते मात्र एकीलाच. मंगळवारी रात्रीच्या औषधाच्या वेळी तिनं मला सांगितलं, "हॉर्नशी मला काम आहे. ती आली की बाकीच्यांना थांबव. ती खुर्ची इथे पलंगाजवळ ठेव." आयुष्याचे सात-आठ दिवस उरलेत आणि हिला हॉर्नशी काम आहे. मी रोज तिचं अंग पुसत होते, चमच्यानं पेज घालत होते, रजा टाकून बसले होते. माझ्याशी काही काम आहे का, हे तिनं विचारलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची ठेवली, पण आपटून.

बुधवारी अकराच्या सुमारास... नाही, बाराला. बाराच होते, मी घड्याळ बघितलं होतं. हॉर्न जिना चढून आली. धापा टाकत होती, हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा. आजीचा नुकता डोळा लागला होता. मी दार अर्धंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी आजपासून कुणालाही भेटायला मनाई केलीय."

"पाच मिनिटं फक्त, ताई. मी बोलणार नाही, नुसती बघते."

हे ती तिच्या मते कुजबुजून म्हणाली.

"नको. मी कळवीन तुम्हाला."

तिनं डबा माझ्या हातात दिला आणि खाली गेली. मी खिडकीतून पाहिलं, समोरच्या फुटपाथवर ती बराच वेळ वर बघत होती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं गार गार वाटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी आत होते आणि ती बाहेर.

आजी जागी झाल्यावर म्हणाली, "कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मीटर बघणारा."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

गुरुवारी तिनं विचारलं, "आज कोण कोण आलं?" मी दोन-तीन जण सांगितले. शुक्रवारी परत तेच. हॉर्नचं नाव तिनं काढलं नाही. फक्त पलंगाजवळच्या खुर्चीवर मी बसायला गेले की म्हणायची, "ती राहू दे. तू इथे पलंगावर बस." मी पलंगावर बसायची आणि समोर ती रिकामी खुर्ची. अंडी मी फेकून दिली होती. शनिवारी आजीनं पेज अर्धी टाकली. फोन माझ्या हाताशी होता, नंबर मला पाठ होता. मी स्वतःला सांगितलं, एवढी ओढ असती तर हॉर्न परत आली असती. मग सांगितलं, बुधवारीच तर ती येते, येऊ दे या बुधवारी. मग काहीच सांगायचं उरलं नाही.

रविवारी सकाळी आजीनं दोन चमच्यांपुढे तोंड उघडलं नाही. नखं निळसर दिसायला लागली होती. मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "आजी, हॉर्न आली होती. बुधवारी. मीच घालवली तिला. डॉक्टरांचं खोटं सांगितलं."

तिनं डोळे उघडले. मला वाटलं आता ती रागावेल, निदान चेहरा तरी फिरवेल.

"का गं?" तिनं विचारलं.

"मला नको होतं तिनं आत यायला."

"बरं," ती म्हणाली. "आता बोलाव."

रविवारच्या सगळ्या शिकवण्या सोडून हॉर्न वीस मिनिटांत आली. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता आत गेली आणि त्या खुर्चीवर बसली. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. मी कबूल केलं होतं, आपणहून केलं होतं. मला वाटत होतं त्याचं काही तरी माझ्या पदरात पडेल.

आजी मला म्हणाली, "तू बाहेर जा. दार लावून घे."

मी दार लावून घेतलं. पाऊण तास मी त्याला कान लावून उभी होते. लाज वाटली नाही. आजीचा बारीक आवाज एकसारखा चालला होता, थांबत, दम घेत, परत सुरू. हॉर्नचा आवाज अगदी अधूनमधून, तोही धड्यासारखा, एका सुरात. हसणं नव्हतंच. शब्द एकही कळला नाही. शेवटी हॉर्न बाहेर आली ती वही पिशवीत कोंबत, आणि जिना उतरून गेली. गुरुवारी सकाळी आजी गेली. मी तिच्याजवळ होते. ती मला शेवटचं म्हणाली ते, "पंखा कमी कर."

पुढच्या बुधवारी मी कचेरीतून आले तर हॉर्न आमच्या दाराशी पायरीवर बसलेली. मी दार उघडलं, ती मागोमाग आत आली. तिनं पाव आणि अंडी आणली होती, ती माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीशी बसली. मी खाल्लं. ती नळ गळतो आहे म्हणाली, मी हो म्हटलं. तासाभरानं निघून गेली. त्याच्या पुढच्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी माझं डोकं फिरलं. जिच्या घरी ही यायची ती गेली, आता काय माझ्या खिडकीवर हक्क सांगते?

"तुम्ही येता कशाला?" मी म्हटलं. "आजी नाही आता. तुमच्या-माझ्यात काही संबंध नाही."

ती खिडकीबाहेरच्या कुणाच्या तरी गाडीबद्दल काही बोलली.

"मी काय विचारतेय? गाडीचं काय सांगता?"

"चिडल्यात ना तुम्ही," ती म्हणाली. "चिडल्यावर भलतंच बोलायचं असं सांगितलंय."

"कुणी?"

तिनं पिशवीतून वही काढली. ड्रायव्हिंग स्कूलची, नव्या विद्यार्थ्याला देतात ती, वर गाडीचं चित्र. आत हॉर्नचं गिचमिड अक्षर, पण वाक्यं तिची नव्हती. तसली वाक्यं मी आजीच्या तोंडून तेहतीस वर्षं ऐकली होती.

कचेरीतून आली की आधी खायला द्यावं, मग बोलावं. भुकेली असली की जग वाईट असतं. चिडली तर चिडण्याबद्दल बोलू नये, नळ, खिडकी, रस्ता, काहीही बोलावं, आपोआप उतरते. कचेरीचं विचारू नये. पण उठून जाऊ नये, बसून राहावं, अर्ध्या तासानं स्वतः सांगते. डाव्या कुशीवर झोपली तर बरं नाही समजावं. नोकरी सोड म्हणू नये. सोडायची आहे, पण कुणी म्हटलं की चिकटून बसते. तिच्या हातून वस्तू घेऊ नये. मला ते जमलं नाही. बाकीच्यांचं चुकलं तर काम बिघडतं, तिचं अडलं तर माझा जीव राहत नाही, मी ओढून घेते. तू घेऊ नकोस.

मी वाचत होते आणि मला हेवा वाटत होता, एवढं बारकाईनं जिच्याबद्दल लिहिलं होतं त्या बाईचा. ती बाई मीच आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला. म्हणजे आजीचं हॉर्नशी काम होतं ते हे. तिनं आठवी नोकरी केली होती, मी नऊ वर्षांची असल्यापासून, आणि ती सोडायच्या आधी बदलीचं माणूस बसवून गेली.

"तीनदा पाठ म्हणून घेतलं माझ्याकडून," हॉर्न म्हणाली. "दमली होती, तरी."

मी पान उलटलं. मागे शेवटच्या दोनच ओळी होत्या. खोटं बोलली तर पकडू नये. तीन-चार दिवसांत आपणहून सांगते.

"हे कधी सांगितलं तिनं?"

"त्याच रविवारी." हॉर्न बोटांशी खेळत होती. "ताई, मी दारात हळू बोलले होते. पण माझं हळू तुम्हाला माहितीये. मावशी जागी होती. तिला बुधवारीच कळलं होतं."

मी मनात दिवस मोजले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. डॉक्टरांनी दिलेल्या आठवड्यातले चार.

"मला राग आला होता," हॉर्न म्हणाली. "तुमचा नाही, तिचा. मी म्हटलं, मावशी, तुला माहीत होतं तर हाक मारायचीस. मला एक फोन लावून घ्यायचास कुणाकडून तरी. ताईंनी सांगितलंच नसतं तर? तर म्हणाली, मग तुझी-माझी भेट झाली नसती."

"आणि?"

"आणि काही नाही. म्हणाली, तिनं आपणहून सांगायला हवं होतं, त्यासाठी मी थांबले. तू काय, तू शिकलेलीच आहेस." हॉर्ननं वही माझ्याकडून घेतली आणि मिटली. "सोळा वर्षं आले मी इथे."

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्या चेहऱ्यावर होतं.